गंगाजलातील अदृश्य भक्षक

काशीयात्रेहून परतणारा मराठी यात्रेकरू डाग देऊन बंद केलेला गंगाजलाचा गडू घरी आणतो आणि तो देवघरात वर्षानुवर्षे जपला जातो. हे पाणी नासत नाही, ही श्रद्धा जुनी आहे. तिला काहीसा दुजोरा दिला तो एका इंग्रजाने. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू तीन तासांच्या आत मरतात, पण तेच पाणी उकळले की त्याचा हा गुण जातो, असे आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. काशीच्या घाटांवरील त्यांच्या तपासणीची हकीकत मार्क ट्वेन यांच्या प्रवासवर्णनातही आली आहे.

हँकिन यांनी हा प्रभाव पाण्यातील एखाद्या उडून जाणाऱ्या द्रव्याचा मानला. पुढे १९१५ साली ट्वॉर्ट यांना व १९१७ साली देरेल यांना जंतूंचा नाश करणारे विषाणू आढळले, तेव्हा हँकिन यांनी पाहिली ती याच विषाणूंची करणी, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. हा निष्कर्ष आजही वादग्रस्त आहे. परंतु गंगेत असे विषाणू आहेत, याविषयी शंका नाही.

विषाणू म्हणजे पेशी नव्हे. त्याला श्वसन नाही, पचन नाही, वाढ नाही. प्रथिनाच्या वेष्टनात आनुवंशिक द्रव्याचा धागा, एवढाच त्याचा संसार. लखोट्यातील हुकमासारखा तो निपचित पडून असतो. नेमक्या कचेरीत पोचला तरच त्याचा अंमल सुरू होतो. जंतूच्या कवचावरील ठराविक खूण ओळखून तो तेथे चिकटतो व धागा आत सोडतो. मग जंतूची सारी यंत्रणा स्वतःचे काम टाकून परक्याच्या नकला काढू लागते. कित्येकदा अर्ध्या तासातच जंतू फुटतो आणि शंभरावर नवे विषाणू बाहेर पडतात. याहूनही अल्प सामग्रीवर भागविणारे आहेत: बटाट्याला ग्रासणारा, १९७१ साली नाव मिळालेला व्हायरॉइड हा नुसता धागा, तर प्रिऑन हे नुसते प्रथिन.

हा भक्षक मात्र खाण्याच्या बाबतीत मोठा सोवळा. पटकीच्या जंतूवर तुटून पडणारा विषमज्वराच्या जंतूला शिवत नाही. आणि कावीळ किंवा पोलिओ यांच्या विषाणूंपुढे तर त्याचे काहीच चालत नाही. शिवाय भक्ष्य मुबलक असेल तेथेच भक्षक वाढतो. तेव्हा घाटाच्या पाण्यात तो विपुल सापडला, तर तो पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे. त्याचे भक्ष्य, म्हणजे जंतू, तेथे येत असल्याची ती खूण आहे.

त्याच काशीतील हिंदू विश्वविद्यालयात औषधांना न जुमानणाऱ्या जुनाट जखमांवर या विषाणूंचे प्रयोग झाले आहेत. तेथेही त्याचे सोवळे सुटत नाही. रुग्णाच्या जखमेतील जंतू आधी वेगळा काढावा लागतो आणि मग त्यालाच खाणारा विषाणू शोधावा लागतो.