व्यक्तिछायाचित्रण : सुरुवातीला एक दिवा, एक पडदा पुरेसा

छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई या जुळ्या शहरांच्या परिसरातील बोरसीसारख्या वस्तीत, घरातल्याच एका खोलीत छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो भांडवलाचा. कॅमेरा घेतल्यावर हाती फारसे काही उरत नाही. त्यातच दोन-तीन दिव्यांचे तयार संच कर्ज काढून घेण्याचा मोह होतो. वास्तविक चेहऱ्याचे छायाचित्र दिव्याच्या किमतीपेक्षा त्याचा आकार, अंतर आणि दिशा यांवर अधिक अवलंबून असते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा छायाचित्रकारांची सारी भिस्त दिवसाच्या उजेडावर होती. उत्तरेकडील खिडकी हा आजही सर्वांत स्वस्त दिवा होय, कारण तीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही. भिलाई मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे २१.२ अंश अक्षांशावर आहे. त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारीही सूर्य किंचित उत्तरेस असतो. या दिवसांत खिडकीला पातळ पांढरा पडदा लावणे इष्ट.

रात्रीच्या कामासाठी एक एलईडी दिवा अथवा वापरलेला फ्लॅश, एक स्टँड आणि पांढरी अर्धपारदर्शक छत्री एवढे पुरते. छत्रीमुळे प्रकाशाचा स्रोत मोठा होतो व सावल्यांच्या कडा मऊ होतात. दिवा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर आणि एका बाजूस ठेवावा. दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की सावलीतला गाल उजळतो. (पूर्वी या कामी थर्माकोल सर्रास वापरला जाई, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.) लग्नसमारंभातील हॅलोजन स्वस्तात मिळाला तरी लहान खोलीत, कापडाजवळ तो धोक्याचा ठरतो.

पडद्यासाठी मांजरपाट उत्तम. अर्ध्या छायाचित्रासाठी दीड मीटर रुंदी चालते. मात्र कापड इस्त्री करून, चिमट्यांनी ताणून लावावे. साधी पांढरी भिंतही पुष्कळ काम देते. अंतर तिप्पट झाले की प्रकाश एक-नवमांश उरतो. म्हणजे दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत दिव्यापासून ३ मीटरवर असेल, तर तीच भिंत गडद करडी दिसते. वेगळा करडा पडदा घेण्याचे कारण उरत नाही.

खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र वापरू नये. त्वचेचे दोन रंग होतात. स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. छायाचित्रावर पट्टे दिसल्यास शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. दिवा घेताना रंगदर्शकतेचा निर्देशांक, म्हणजेच सीआरआय, ९० वा अधिक आहे ना, हे पाहावे. पैसे खर्च करायचे तर ते येथे.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र उपकरणांची नाही. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे मानतो. पासपोर्टसाठी मागे पांढरी पार्श्वभूमी असली की तो सारे दृश्य मंद करतो आणि सावळा चेहरा आणखी काळवंडतो. दोष त्वचेला दिला जातो आणि मग संगणकावर चेहरा गोरा करण्याचा खटाटोप सुरू होतो. लग्नासाठी पाठविलेल्या अशा छायाचित्रातील मुलगी प्रत्यक्षात वेगळी दिसते, आणि त्याचे उत्तर तिलाच द्यावे लागते. मापन चेहऱ्यावरून घेतले, तर हा प्रसंग येत नाही. त्यासाठी खर्चही काही नाही.