सोयाचे मेण : गोणी उचलण्याआधी ग्लास जाळून पाहा

काचेच्या ग्लासात ओतलेली सुवासिक मेणबत्ती हा धंदा आता मोठ्या कारखानदारांच्याच हाती राहिलेला नाही. एक शेगडी, एक वजनकाटा, एक थर्मामीटर आणि स्वयंपाकघराचा कोपरा एवढ्या सामानावर आमच्या अनेक भगिनी आणि तरुण कारागीर तो करू लागले आहेत. आमचा पिढीजात व्यवसाय कापडाचा. पण भेटीच्या पेटीत ओढणीबरोबर मेणबत्ती ठेवण्याची मागणी येऊ लागली, तेव्हापासून हा मालही आमच्या हाताखालून जातो. कापडवाल्याच्या नजरेला जे दिसले, ते कारागीर बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

सोयाचे मेण ही काही गूढ वस्तू नव्हे. सोयाबीनच्या तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया केली की पातळ तेल घट्ट होते. वनस्पती तूप याच रीतीने तयार होत आले. मेणासाठी तीच प्रक्रिया आणखी पुढे नेतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या आयोवा राज्यात मायकेल रिचर्ड्स यांनी मधमाशीच्या महाग मेणाला पर्याय म्हणून ते पुढे आणले. पण आज बाजारात 'सोया' या एका नावाखाली अनेक तऱ्हेचा माल विकला जातो. कुणी ग्लासात ओतायचे मऊ मेण देतो, कुणी साच्यात घालायचे कडक मेण देतो, कुणी पाम तेलाचे मेण मिसळतो, कुणी पॅराफिन. सुती म्हणून पॉलिएस्टरमिश्रित ताका गळ्यात मारण्याचा प्रकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

म्हणून दुकानदाराला पहिला सवाल विचारावा तो वितळण्याच्या अंशाचा. ग्लासासाठीची मेणे साधारण ४५ ते ५३ अंश सेल्सिअसला वितळतात. अमेरिकेतील घरगुती कारागिरांत प्रसिद्ध असलेले '४६४' नावाचे मेण ४५ ते ४८ अंशांचे आहे. थंड मुलुखात ते उत्तम. मात्र आमच्या जळगाव-मालेगावकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ वर जातो, विदर्भात त्याहूनही वर. पत्र्याच्या छपराखाली किंवा मालट्रकच्या बंद हौद्यात काय होत असेल, ते सांगायला नको. असे मेण तिथे लोण्यासारखे होते, वरची सपाटी बिघडते, सुवासाचे तेल सुटून झाकणाला लागते आणि माल परत येतो. आमच्या मते खानदेश, मराठवाडा, विदर्भ या भागांत माल पाठवणाऱ्याने ५० अंशांच्या खालचे मेण घेऊच नये. खोबरेल मिसळलेली मेणे तर आणखी मऊ असतात.

हा अंश घरीही तपासता येतो. पाव किलो मेण पाण्यात ठेवलेल्या पातेल्यात वितळवा, खाली उतरवून थर्मामीटरने हळूहळू ढवळत राहा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. मेण गोठू लागते तिथे आकडा उतरायचा थांबतो. त्या आकड्याची मागच्या मालाशी तुलना करावी. नंतर भरलेला ग्लास झाकण लावून भर दुपारी उन्हातल्या बंद गाडीत तीन तास ठेवावा. कंपनीच्या छापील कागदापेक्षा हा ग्लास जास्त सांगतो.

पॅराफिनची मिसळ ओळखण्याची एक जुनी रीत साबणवाल्यांना ठाऊक आहे. वनस्पती तेलाच्या मेणाचा कॉस्टिक सोड्याने साबण होतो, पॅराफिनचा होत नाही. १० ग्रॅम मेण, २ ग्रॅम कॉस्टिक आणि १०० मिलिलिटर पाणी स्टीलच्या भांड्यात, अॅल्युमिनियमच्या कदापि नव्हे, मंद आचेवर ढवळत तास-दीड तास उकळावे. पाणी आटेल तसे घालावे. मग भरपूर गरम पाणी ओतून ते तसेच गरम राहू द्यावे. तेलकट थर वर येऊन बसला तर मिसळ आहे असे समजावे. थोडी मिसळ यात निसटून जाते, आणि पाम की सोया हेही कळत नाही, कारण साबण दोन्हींचा होतो. कॉस्टिक कातडी जाळते; हातमोजे आणि चष्मा लावूनच हे करावे, मुलांना दूर ठेवावे. मिसळ केलेले मेण जळायला वाईट असतेच असे नाही, पुष्कळदा ते सुवास जास्त फेकते. फक्त त्यावर 'शुद्ध सोया'ची चिठ्ठी लावून विकणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

सुवासाबाबत आमच्या लोकांची एक समजूत आहे की जे अत्तर अंगाला चालते ते मेणालाही चालते. तसे नाही. बाजारातील बरेच सुवास डीपीजी नावाच्या द्रवात पातळ केलेले असतात. तो मेणात नीट विरघळत नाही. थेंब तळाशी बसतात आणि वात फडफडते. मेणासाठीचे तेल मागून घ्यावे. एक किलो मेणाला ६० ते ८० ग्रॅमपासून सुरुवात पुरे. जास्त घातले तर सुवास वाढेलच असे नाही, घाम मात्र फुटतो. व्हॅनिलाच्या सुवासाने पांढरे मेण तपकिरी होते, तो दोष मेणाचा नव्हे. तसेच दंव पडल्यासारखी पांढरी झाक हा सोयाचा स्वभाव आहे. ती टाळायची तर रंग न घालणे हा सोपा उपाय.

आता वात. हे शेवटी सुताचेच काम, म्हणून आम्हाला त्यात विशेष गोडी. पीळ दिलेली साधी दोरी आणि चपटी विणलेली वात यांत मोठा फरक आहे. विणलेली वात जळताना टोकाशी वाकते, टोक ज्योतीच्या बाहेर येऊन जळून जाते आणि काजळीचा गोळा साचत नाही. मेण, सुवास, ग्लास यांपैकी काहीही बदलले की वात पुन्हा ठरवावी लागते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन वाती घेऊन तीन ग्लास भरावेत, बाकी सर्व सारखे.

जाळण्याची रीत अशी : वात ६ मिलिमीटर कापा, ग्लास तोलून घ्या, चार तास जाळा, विझवा, थंड होऊ द्या, पुन्हा तोला आणि लिहा. तीन-चार तासांत वितळलेले मेण काचेच्या कडेला पोचावे, खोली १२ मिलिमीटरच्या आसपास असावी. कडेला मेण तसेच राहिले तर वात बारीक. ज्योत नाचू लागली, काजळी धरली, काच हाताला सोसेना तर वात जाड. हे तळापर्यंत करावे. आम्ही पाहिलेले बहुतेक जण दुसऱ्या दिवशीच समाधानी होऊन थांबतात. खरा धोका शेवटच्या चौथ्या भागात असतो, जेव्हा ज्योत ग्लासाच्या तळाजवळ येते आणि काच तडकते. १२ मिलिमीटर मेण उरले की विझवावे, ही सूचना छापूनच माल बाहेर जावा. पाणी प्यायचे पातळ ग्लास यासाठी वापरू नयेत.

यात वेळ किती जातो, तो हिशेब फार थोडे करतात. सोयाचे मेण ओतल्यावर सुवास मुरायला दोन आठवडे लागतात. १६० ग्रॅमचा ग्लास रोज चार तास जाळला तर साधारण आठ-दहा दिवस चालतो. म्हणजे एक परीक्षा साडेतीन आठवड्यांची, आणि पहिल्याच परीक्षेत वात क्वचित जमते. दिवाळीचा माल सप्टेंबरमध्ये ओतायचा असेल तर वातींची परीक्षा जूनमध्येच सुरू व्हायला हवी. उन्हाची परीक्षा पावसाळ्यात होणार नाही, ती एप्रिल-मे महिन्यातच उरकावी. शिवाय तयार मालही दोन आठवडे घरात पडून राहतो. तेवढे भांडवल अडकते, ते कर्ज काढून उभे केले असेल तर ते व्याजही किमतीत धरावे.

परीक्षा पार पडल्यावर लागेल तेवढा सगळा माल एकाच लॉटचा उचलावा. रंगाऱ्याकडचा दुसरा लॉट पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही, तसेच मेणाचे आहे. एका पुरवठादाराकडून आमच्या ओळखीच्या भगिनीला त्याच नावाची दुसरी गोणी आली, मेण चार अंश आधीच मऊ पडणारे निघाले, आणि ठरलेली वात त्यात जाड ठरली. तिने गोठण्याचा आकडा वहीत लिहून ठेवला होता म्हणून गोणी परत गेली आणि पैसे सुटले. गोणीवरचा लॉट नंबर, तारीख आणि तो आकडा, एवढे तीन रकाने वहीत असावेत, आणि तोच लॉट नंबर प्रत्येक ग्लासाच्या बुडाशीही लिहावा.