रस्ता कोणासाठी?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील गावाहून पुण्यात आले तेव्हा पहिल्या कमाईतून त्यांनी एक जुनी सायकल घेतली, आणि आजही ते सायकलवरूनच कामाला जातात. गेल्या पावसाळ्यात, सायकलींसाठी आखलेली पट्टी जिथे एकाएकी संपते, नेमके तिथेच मागून आलेल्या मोटारसायकलचा त्यांना धक्का लागला. हात मोडला. दीड महिना घरी बसावे लागले, आणि रोजंदारीवरच्या माणसाला आजारपणाचा पगार नसतो. शेजारीपाजारी म्हणाले, "नशीब!" माझ्या मनात मात्र प्रश्न आला, ती पट्टी तिथेच का संपली? या प्रश्नामागे जाताना जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट अशी की शहरातील बहुतेक रस्ते ही महानगरपालिकेची जबाबदारी आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात सार्वजनिक रस्ते बांधणे व राखणे हे आवश्यक कर्तव्यांत मोडते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही 'रस्ते व पूल' हा विषय आहे. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, चालण्यायोग्य पदपथ मिळणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे स्पष्ट केले. तेव्हा पदपथ म्हणजे पालिकेने केलेले उपकार नव्हेत.

हा प्रश्न लहानसहान नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत सुमारे ३३ हजार पायी चालणारी होती.

मग पालिकेने करायचे तरी काय? उत्तर वाटते तितके अवघड नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंची वाढली की म्हातारी माणसे पदपथ सोडून खाली उतरून चालू लागतात. रस्ता ओलांडण्याचे गणितही साधे आहे. माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरतात. म्हणजे १८ मीटरचा रस्ता ओलांडायला १५ सेकंद. एका चौकात मी घड्याळ लावून पाहिले, तर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा १२ सेकंदांतच विझला! माझ्या आजीने काय करावे? अशा ठिकाणी दिव्याचा वेळ वाढवावा, नाहीतर दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा तरी ठेवावी.

तिसरी बाब वेगाची. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणूनच शाळा, बाजार, वस्ती यांच्याजवळ उंचावलेले पादचारी पट्टे हवेत. तिथे वाहन आपोआप हळू होते. पोलीस उभा असो वा नसो.

एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. २०३१ पर्यंत शहरातील चौथा हिस्सा प्रवास सायकलने व्हावा हे त्याचे उद्दिष्ट. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, तिथे संध्याकाळी आजी-आजोबा निवांत बसलेले दिसतात. डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस वाहने बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा झाला. कागदावर उणीव नाही. उणीव आहे ती सलगतेत. सायकलची साखळी एका कडीत तुटली तर बाकीच्या कड्या धड असून काय उपयोग? सायकलमार्गाचेही तसेच. चौकात तो तुटला, त्यावर मोटारी उभ्या राहिल्या, की सायकलवाला पुन्हा रहदारीत. आणि इथे आणखी एक मेख आहे. पदपथ बांधते पालिका, पण चुकीच्या जागी उभ्या गाडीवर कारवाई मुख्यतः वाहतूक पोलिसांकडे, आणि ते राज्य शासनाच्या अखत्यारीत. दोघांचा मेळ बसला नाही की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवितात.

आता आपले कर्तव्य. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग सुरू केला. त्यात आपल्या प्रभागातील पदपथ, पादचारी पट्टा अशी कामे आपणच सुचवू शकतो. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. यंदा वडिलांच्या अपघाताच्या जागेसाठी मी तो भरला. "कोणते काम" या रकान्यात काय लिहावे, असे मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "लिही, पट्टी चौकाच्या पलीकडंपर्यंत न्या. एवढंच."

काम होईल की नाही, सांगता येत नाही. पण आपल्या महाविद्यालयातील शंभर जणांनी आपापल्या वाटेवरची एकेक तुटलेली कडी लिहून दिली, तर ते शंभर अर्ज बाजूला सारणे पालिकेलाही सोपे जाणार नाही. वडिलांचा हात आता बरा आहे. सायकल पुन्हा रस्त्यावर आहे. आणि पट्टी अजून तिथेच संपते.