बाभुळगावच्या पांदणी आणि बेंबळेचा कॅनॉल

यवतमाळहून उत्तरेला धामणगाव रेल्वेकडे निघाले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर बाभुळगाव लागते. एसटीच्या खिडकीतून दिसते ते एवढेच: बसथांबा, बाजार, तहसील कचेरी, कृषी केंद्रांच्या पाट्या, कापसाच्या गाड्या. तालुक्याचे गाव म्हणून सरकारी कामाला येणारे लोक इथूनच परत जातात. पण हा तालुका बघायचा असेल तर डांबरी रस्ता सोडून सायकल एखाद्या पांदणीत घालावी. पऱ्हाटी आणि तुरीच्या वावरांमधून जाणाऱ्या या वाटांवर ट्रक नाही, बस नाही, हॉर्न नाही. दिवसभरात भेटतील त्या बैलबंड्या, एखाददुसरा ट्रॅक्टर, शेळ्या घेऊन निघालेले कुणी आणि वेचणीला चाललेल्या बाया.

फ्रान्सच्या ग्रामीण भागात अशाच मोटाररहित कच्च्या वाटांवर सायकल चालवायला जगभरातून लोक जातात. तिथे या वाटा मुद्दाम घडवाव्या लागल्या. बरगंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी हा बंद पडलेला रेल्वेमार्ग होता. त्याचे रूळ काढून १९९७ मध्ये चव्वेचाळीस किलोमीटरची वाट फक्त सायकलवाले आणि पायी चालणाऱ्यांसाठी खुली झाली. अशा वाटेला तिकडे ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. दक्षिणेकडच्या ‘कनाल द्यू मिदी’ या कालव्याच्या काठाने पूर्वी घोडे नावा ओढत चालत. त्या पायवाटांवर आज सायकली धावतात. तो कालवा १६६६ ते १६८१ या काळात खोदला गेला. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या खाजणापर्यंत त्याची लांबी २४० किलोमीटर आहे, आणि १९९६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे.

बाभुळगाव तालुक्यात कालवाही आहे आणि कच्च्या वाटांचे जाळेही आहे. सहलीसाठी म्हणून यातले काहीच बांधलेले नाही. शेतीच्या गरजेतून ते उभे राहिले, आणि मला त्याची खरी किंमत तिथेच वाटते.

आधी पांदणीचे बघू. ज्या काळात यवतमाळला रेल्वे नव्हती, त्या काळात इथल्या कापसाला सर्वांत सोयीचे स्टेशन धामणगाव होते. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि वऱ्हाडातला कापूस त्या मार्गाकडे ओढला गेला. बाभुळगावावरून जाणारा रस्ता ही त्या वाहतुकीची मोठी वाट, आणि गावागावांतून त्या वाटेला येऊन मिळणाऱ्या पांदणी तिच्या उपवाटा. पुढे शकुंतला या नावाने ओळखली गेलेली नॅरोगेज गाडी यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाऊ लागली. पांदणींचे काम मात्र संपले नाही, कारण वावरातला माल घरापर्यंत आणायला दुसरी वाट नव्हतीच. आजही नाही.

पांदण बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंच्या वावरांपेक्षा खोल असते. पिढ्यान्‌पिढ्या बंडीची चाके एकाच चाकोरीतून गेली, माती झिजली, पावसाने ती वाहून नेली. दोन्हीकडे धुरे उंच, धुऱ्यांवर बाभूळ, हिवर, बोर आणि कडुनिंब. डिसेंबरात सकाळी अशा पांदणीतून सायकल नेली की सावली आणि उन्हाचे पट्टे ओलांडत जावे लागते. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुलतो. मग पडीक जागा आणि नाल्यांचे काठ असे केशरी होतात की सायकल थांबवावीच लागते. रोही, म्हणजे नीलगायी, दिसतात, विशेषतः पहाटे. कास्तकाराला त्यांचा आनंद नाही, कारण रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत हरभऱ्याचा पट्टा उद्ध्वस्त करतात. धुऱ्यावर सौर झटका कुंपणाच्या तारा दिसतात त्या यासाठीच. त्यांना हात लावू नये, सायकलही टेकवू नये.

गाव नकाशा वाचता आला तर या भटकंतीची गोडी वाढते. भूमापनाच्या या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ फूट. नकाशा हातात घेऊन वाटेवर उभे राहिले की कळते, कागदावरचे एकवीस फूट जमिनीवर कितीतरी ठिकाणी आठ-दहाच उरले आहेत. दरवर्षी नांगराचे एकेक तास पांदणीत सरकते आणि वाट आक्रसते. मग भांडण होते, अर्ज जातो. मामलेदार न्यायालय कायदा १९०६ सालचा आहे आणि अडवलेली वाट मोकळी करण्याचे अर्ज अजूनही त्याच कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जातात. पांदण हा सायकलस्वाराच्या हौसेचा विषय होण्याआधी कास्तकाराच्या जगण्याचा विषय आहे, हे तहसील कचेरीत अर्धा दिवस बसले तरी समजते.

पावसाळ्यात तर विचारायलाच नको. इथली काळी जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली. पाणी लागले की ती फुगते, वाळली की भेगाळते. जुलै-ऑगस्टात पांदणीत चिखल गुडघ्यापर्यंत येतो, खताची पोती डोक्यावरून न्यावी लागतात, आणि परतीचा पाऊस लांबला तर कापलेले सोयाबीन वावरातच भिजते. म्हणून राज्य सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, त्यात रोजगार हमीची सांगड घातली. रस्ता करायची खरी रीत सोपी आहे: आधी दोन्ही बाजूंनी नाल्या काढायच्या, मग तळ उंच करून गोटा आणि खडी अंथरायची, वर मुरूम टाकून पाणी मारत रोलर फिरवायचा. नाली नसेल तर मुरूम एका पावसात काळ्या मातीत गडप होतो.

आणि इथेच मला या तालुक्याचे मोठे सुदैव दिसते. ट्रॅक्टर आणि बंडीला जो दाबलेला मुरमाचा रस्ता हवा, तोच ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या वाटांसाठीच्या, सायकलवाल्यालाही हवा. मुरूम पाणी जिरवतो, पायाला आणि बैलाच्या खुराला टोचत नाही, स्थानिक मजुरांच्या हाताने दुरुस्त होतो. पांदणीवर सिमेंट ओतण्याची मागणी वाढते आहे, तिच्यामागची चिखलाची चीड मला पूर्ण समजते. पण फुगणाऱ्या-आटणाऱ्या जमिनीवर सिमेंटला तडे जातात, आणि रुंद सिमेंट रस्ता झाला की त्यावर भरधाव गाड्या येतात. गावठाणाच्या आत सिमेंट असावे. वावरात मुरूमच बरा.

आता कॅनॉल. वर्धेची उपनदी असलेल्या बेंबळा नदीवर याच तालुक्यात खडक सावंगा गावाजवळ मोठे धरण झाले. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या मोठ्या प्रकल्पांपैकी हा एक. यवतमाळ शहर पूर्वी निळोणा आणि चापडोह या दोन तलावांवर तगत असे. २०१८ च्या उन्हाळ्यात ते जवळजवळ कोरडे पडल्यावर बेंबळेचे पाणी शहराला आणणाऱ्या अमृत योजनेकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. धरणासाठी गावे उठली, सुपीक वावरे पाण्याखाली गेली. जलाशयाच्या काठाने जाताना नव्या गावठाणातल्या सरळ गल्ल्या लागतात, तेव्हा या पाण्याचा हिशेब कुणी चुकता केला ते लक्षात राहावे.

या धरणातून निघणारा मुख्य कालवा शंभर किलोमीटरहून लांब. बाभुळगाव तालुक्यातून तो कळंब, राळेगाव आणि पुढे मारेगावच्या दिशेने जातो. कालव्याच्या कडेने पाटबंधारे खात्याच्या माणसांना देखरेखीसाठी जाता यावे म्हणून कच्चा रस्ता ठेवलेला असतो. पाणी उतारानेच वाहायचे असल्याने कालवा टेकडी चढत नाही, तिला वळसा घालतो. म्हणून या रस्त्यालाही चढ जवळपास नसतो. पन्नाशी-साठीच्या माणसालाही दम न लागता लांब पल्ला मारता येतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भरावाखाली पसरलेले ओलिताचे गहू-हरभरा. थंडीत जलाशयावर स्थलांतरित पाणपक्षी उतरतात, त्यासाठी दुर्बीण सोबत असावी. कुठे रस्ता टणक मुरमाचा, कुठे त्यावर गवत माजलेले, आणि जिथे नाल्यावरून कालवा नेला आहे तिथे तो तुटतो. मग खाली उतरून पांदण धरायची आणि पलीकडे पुन्हा चढायचे. या तुटलेल्या जागा जोडणे हे फार खर्चाचे काम नाही.

सावलीचा प्रश्न मात्र मोठा आहे. कनाल द्यू मिदीच्या काठावर सुमारे बेचाळीस हजार प्लेन झाडे होती. २००६ मध्ये त्यांना बुरशीचा रोग लागल्याचे आढळले, तेव्हापासून ती हजारोंनी तोडावी लागली, आणि त्या जागी वेगवेगळ्या जातींची झाडे लावली जात आहेत. एकाच जातीच्या रांगा लावल्या की काय होते ते फ्रेंचांनी पाहिले. बेंबळेच्या कालव्याला सावलीच कमी. कालव्याच्या अस्तराला धक्का न लावता भरावापासून पुरेसे दूर कडुनिंब, करंज, आंबा, चिंच अशी मिश्र झाडे लावली, तर वेचणीच्या बायांना दुपारची भाकर खायला जागा होईल आणि सायकलवाल्यालाही.

विदर्भातले हौशी सायकलस्वार आज नागपूर-तुळजापूर महामार्गावर ट्रकच्या वाऱ्यात दोनशे-तीनशे किलोमीटरच्या फेऱ्या मारतात. बाभुळगावच्या उत्तरेला, अमरावती जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला आहे. त्यावर सायकलला प्रवेशच नाही. वेगाच्या रस्त्यांना एवढा पैसा मिळतो, तर बाभुळगाव ते कळंब अशी पांदण आणि कॅनॉल जोडून केलेली एक खुणांची वाट या जिल्ह्याला परवडणारी आहे. कळंबला विदर्भाच्या अष्टविनायकांतला चिंतामणी आहे, जमिनीच्या पातळीखाली उतरून दर्शन घ्यावे लागते असे देऊळ. २०२४ च्या फेब्रुवारीपासून कळंब रेल्वेने वर्ध्याला जोडलेलेही आहे.

यासाठी लाखाची सायकल लागत नाही. शहरातल्या ग्रॅव्हल सायकलचा टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. गावातल्या काळ्या दांड्याच्या सायकलचा अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंदीचा टायर जवळजवळ तेवढाच. मुरमावर ती उत्तम चालते; शाळेत जाणाऱ्या पोरी रोज तशाच वाटांवरून सायकली हाकतात. जपायचे ते काट्यांपासून: बाभळीचा काटा आणि जमिनीवर पसरलेला सराटा. दोन ट्यूब आणि पंप जवळ हवेतच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चांगले महिने, एप्रिलनंतर ऊन सोसवत नाही, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर काळी माती चाकाला आणि ब्रेकला अशी लपेटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. धरणाच्या भिंतीवर जायचे तर आधी विचारावे, कॅनॉलमध्ये पोहायला उतरू नये. अस्तर गुळगुळीत असते आणि बाहेर यायला पकड मिळत नाही. वेचणीच्या दिवसांत कापसाने भरलेली बंडी समोरून आली तर सायकल उचलून धुऱ्यावर घ्यावी. खोल पांदणीत भरल्या बंडीला मागे सरकता येत नाही, वळताही येत नाही.