उघड्या टपाची जर्मन मोटार

धानगिरण्यांचे हमाल आणि मालमोटारींचे चालक यांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने वेगाच्या मोटारींवर बोलावे, याचे नागऱ्याच्या श्रोत्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. माझी शाळा लवकर सुटली; यंत्रशास्त्र मी गॅरेजात आणि वाचनालयात, जमेल तसे शिकलो. परंतु हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य केले आणि नाकावर तीन टोकांचा तारा मिरविणाऱ्या मालमोटारी जमशेदपुरात तयार होऊ लागल्या. त्याच वर्षी त्याच कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ‘३०० एसएल’ ही दोन आसनांची मोटार मांडली. एकाच घरची ही दोन भावंडे : एक ओझे वाहणारे, दुसरे धावणारे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. कूपे म्हणजे मागे उतरत्या छपराची, बहुधा दोन दारांची बंदिस्त मोटार. कन्व्हर्टिबल म्हणजे टप उघडता-मिटता येणारी मोटार. दोन्हींत वेगाला महत्त्व; आणि वेग म्हणजे इंजिन, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. ज्यांनी शंकरपट पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की, पट जिंकणारी जोडीही धानाच्या पोत्यांनी भरलेल्या बंडीला जुंपली तर तशी धावणार नाही. वजन कमी हवे, हा पहिला नियम. दुसरा नियम हवेचा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट. ३०० एसएलचे सहा सिलिंडरांचे इंजिन उभे न ठेवता एका कुशीवर कलते बसविले, ते मोटारीचे नाक बसके राहावे म्हणूनच.

तिचा सांगाडा पोलादी नळ्या त्रिकोणांत सांधून केलेला होता. हलका आणि ताठ. पण नळ्यांची ही जाळी बाजूंना इतकी उंच आली की नेहमीचे दार बसेना. तेव्हा छपराला बिजागऱ्या लावून दारे वर उघडणारी केली. पाहणारे त्यांना पंख म्हणतात आणि शोभा समजतात. मुळात ती अडचणीतून काढलेली वाट होती.

आता मुख्य प्रश्न. छप्पर काढून टाकले तर मोटार हलकी होईल की जड? बहुतेकजण म्हणतील, हलकी. घरी गेल्यावर एक काडेपेटी घ्या. आतला खण बाहेर काढून दोन्ही टोकांना धरून पिळा. तो सहज पिळला जातो. पुन्हा वेष्टनात सरकवून पिळा. आता तो दाद देत नाही. छप्पर केवळ सावलीसाठी नसते. मोटारीचे पुढचे आणि मागचे टोक ते बांधून ठेवते. ते गेले की खड्ड्यात अंग पिळते, दारे कुरकुरतात, वळणावर चाकांची पकड बिघडते. म्हणून दाराखालचे उंबरे जाड करावे लागतात, तळाला तिरपे आधार द्यावे लागतात, समोरच्या काचेचे खांब बळकट करावे लागतात. परिणामी उघडी मोटार आपल्या बंदिस्त बहिणीपेक्षा बहुधा जडच भरते. १९५७ साली ३०० एसएलचे उघडे रूप आले तेव्हा नळ्यांची रचना बदलून साधी दारे बसविली, पण वजन वाढले. एका ठिकाणी जे काढले ते दुसऱ्या ठिकाणी भरावे लागते. यातून कोणत्याही कारागिराची सुटका नाही.

हा हिशेब चुकला तर काय होते, ते १९९८ साली आलेल्या ऑडीच्या ‘टीटी’ने दाखविले. घुमटासारखी गोल, अतिशय देखणी मोटार. पण अतिवेगात त्या गोल पाठीवरून वाहणारी हवा मागचा भाग उचलू लागली. जर्मनीच्या हमरस्त्यांवर अपघात झाले, माणसे दगावली. पुढे विकलेल्या मोटारी परत बोलावून डिकीवर एक लहानशी पट्टी आणि घसरण आवरणारी विद्युत योजना बसविण्यात आली.

आणि उघडी मोटार उलटलीच तर? १९८९ सालच्या मर्सिडीज एसएलमध्ये आसनांमागे एक कमान लपविलेली होती. मोटार उलटू लागताच ती सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात उभी राहते.

या विद्येला आता महाराष्ट्रातील कामगारांचेही हात लागले आहेत. मर्सिडीज मोटारींची जुळणी १९९५ पासून पुणे परिसरात होते, २००९ पासून चाकणला. २०२० साली तेथे जुळविलेली ‘एएमजी जीएलसी ४३ कूपे’ ३९० अश्वशक्तीची होती. बांधा उंच आणि दारे चार. कूपेचे तेवढे उतरते छप्पर.

दोन माणसांच्या सहलीसाठी एवढी काळजी घेतली, याचा मला राग नाही, कौतुकच आहे. पण मला ते दुसरे भावंड आठवते. भर वैशाखात तापलेल्या इंजिनाशेजारी बसून तांदूळ वाहणाऱ्या चालकाच्या केबिनमध्ये थंड हवेची सोय सक्तीची झाली ती २०२५ सालापासून, आणि तीही त्यानंतर बनणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींपुरती. विद्या कधीचीच होती. ती कोणासाठी वापरावयाची, हे मात्र यंत्र ठरवीत नाही; ते आपण ठरवितो.