वरचा मजला भाड्याने देताना

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत स्वतःच्या भूखंडावर बांधलेल्या दुमजली घरांतील अनेक कुटुंबे मुले परगावी स्थायिक झाल्यावर तळमजल्यावर राहून वरचा मजला भाड्याने देतात, आणि निवृत्तिवेतनाला जोड मिळवण्याचा हा मार्ग वरवर पाहता सोपा वाटतो. मात्र त्याच घरात राहणाऱ्या मालकाची स्थिती दुसरीकडे सदनिका घेऊन ती भाड्याने देणाऱ्यापेक्षा वेगळी असते. कारण वरच्या नहाणीघरातील गळती त्याच्याच छतातून उतरते, पाण्याची टाकी, पंप आणि जिना दोन्ही कुटुंबांचा सामाईक असतो आणि भाड्याचे पैसे घरखर्चाच्याच खात्यात जमा होऊन त्यात मिसळून जातात. हाती येणारे भाडे म्हणजे सगळीच कमाई नव्हे, त्याचा एक हिस्सा घराच्या झिजेची भरपाई असतो, ही गोष्ट नव्या घरमालकाच्या सर्वांत उशिरा लक्षात येते.

महाराष्ट्रात असा व्यवहार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने होतो. या करारात जागेतील कोणताही मालकी हितसंबंध हस्तांतरित होत नाही, ठरावीक मुदतीपुरती ती वापरण्याची परवानगी तेवढी दिली जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 55 नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी वाद झाल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुदतीतील एकूण भाडे आणि परतावा असलेल्या अनामत रकमेवरील वार्षिक 10 टक्के दराचे काल्पनिक व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे हा खर्च इतका किरकोळ आहे की तो वाचवण्यासाठी साध्या कागदावर करार करणे निव्वळ अविचाराचे ठरते.

करारात दुरुस्तीची वाटणी स्पष्ट लिहिली जावी. रचनेशी निगडित कामे, म्हणजे गळती, भिंतीतील नळ व वायरिंग, ड्रेनेज, टाकी आणि पंप, मालकाकडे ठेवावीत. नळाचे वायसर, दिवे, तुंबलेली जाळी अशी रोजच्या वापरातील किरकोळ कामे राहणाऱ्याकडे द्यावीत. जागा ताब्यात देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे, वस्तूंची यादी आणि वीजमीटरचे आकडे दोघांच्या सहीने नोंदवले, तर अनामत परत करताना होणारे बहुतेक वाद उद्भवतच नाहीत. वर जाऊन पाहणी करायची असेल, तर आधी कळवून आणि वेळ ठरवूनच जावे. जिना आपलाच असला, तरी दिलेला मजला त्या मुदतीपुरता दुसऱ्याचे घर झालेला असतो.

दुरुस्तीत सर्वाधिक लक्ष पाण्याकडे द्यावे लागते. गच्चीवरच्या कोब्याचा, म्हणजे विटांच्या तुकड्यांवर उतार देऊन केलेल्या जलरोधक थराचा, उतार पाणी उतरवणाऱ्या पाइपांकडे आहे का, कठड्याच्या सांध्यातील गोलाई तडकली आहे का आणि पाइपांच्या तोंडाशी पालापाचोळा साचला आहे का, हे एप्रिल-मे महिन्यांतच तपासले पाहिजे, कारण पाऊस सुरू झाल्यावर ओल्या पृष्ठभागावर केलेले काम टिकत नाही आणि कारागीरही मिळत नाहीत. वरच्या नहाणीघरात फरश्यांच्या सांध्यांतील भरण झिजले की पाणी खालच्या थरात मुरते आणि तळमजल्याच्या छताचे पोपडे सुटू लागतात. छताला पुन्हा रंग देण्याने दोष फक्त झाकला जातो, आतील सळया गंजत राहतात आणि फुगलेला गंज शेवटी काँक्रीट फोडतो. म्हणून जागा देण्यापूर्वी नहाणीघराचा निचरा बंद करून दोन दिवस थोडे पाणी साचवून ठेवावे आणि खाली ओल उमटते का, ते पाहावे. विजेच्या बाबतीत अर्थिंग तपासून आरसीसीबी, म्हणजे गळतीचा प्रवाह ओळखून क्षणात पुरवठा तोडणारे उपकरण, बसवून घेणे ही जिवाची बाब आहे आणि त्यात काटकसरीला जागा नाही. घर 30 वर्षांहून जुने असेल, तर त्याची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका कायद्यानेच बंधनकारक केलेले आहे.

वीजबिलाचाही येथेच विचार करावा. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. एकाच मीटरवर दोन कुटुंबे असली, की दोघांचा वापर एकत्र मोजला जाऊन महाग टप्प्यात जातो, त्यामुळे वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र मीटर घेणे हितावह असते.

भाडे प्राप्तिकरात ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली येते. वार्षिक भाड्यातून मालकाने प्रत्यक्ष भरलेला, त्या मजल्याच्या वाट्याचा मिळकत कर वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर काही खर्च झालेला असो वा नसो. त्याहून अधिक झालेला खर्च मात्र वेगळा दाखवता येत नाही. दरमहा 15,000 रुपये भाडे आणि 10,000 रुपये मिळकत कर धरला, तर 1,80,000 मधून 1,70,000 उरतात, त्यातून 51,000 वजा होतात आणि 1,19,000 रुपये करपात्र ठरतात. गृहकर्ज चालू असल्यास व्याज दोन मजल्यांमध्ये क्षेत्रफळाच्या प्रमाणात विभागावे लागते. पुणे महापालिका मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीला कर आकारणीत 40 टक्के सवलत देते, तेव्हा भाड्याने दिलेला भाग महापालिकेला कळवून वाढणारा कर भाडे ठरवतानाच हिशेबात धरावा.

वरील 51,000 रुपये दरवर्षी वेगळ्या बचत खात्यात टाकणे हा नव्या घरमालकासाठी सर्वांत व्यवहार्य नियम आहे, कारण गच्चीचे काम, पंप आणि रंग हे खर्च दरवर्षी येत नसले, तरी आले की एकदम येतात. अनामत रक्कम उत्पन्न नसून परत करायचे देणे आहे, म्हणून ती घरखर्चात किंवा दुरुस्तीत न वापरता मुदत ठेवीत ठेवावी. दोन खाती, एक वही आणि नोंदणीकृत करार एवढी तयारी झाल्याखेरीज वरच्या मजल्याची किल्ली कोणाच्याही हाती देऊ नये.