सबटायटलचे रूपांतर: वेळ, जागा आणि अक्षर

सबटायटलची फाईल उघडून पाहिली तर ती अगदी साधी दिसते. एक क्रमांक, त्याखाली संवाद पडद्यावर कधी यावा आणि कधी जावा याची वेळ, त्याखाली संवादाच्या एक-दोन ओळी, मग एक कोरी ओळ आणि पुढचा क्रमांक. बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या एसआरटी फॉरमॅटची रचना एवढीच. डीव्हीडीवर सबटायटल मजकूर म्हणून नव्हे, तर चित्र म्हणून साठवलेली असत. ती चित्रे वाचून त्यांतून अक्षरे काढणारा सबरिप नावाचा प्रोग्रॅम २००० सालच्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाला आणि त्याच्या फाईलचा साचा, म्हणजेच एसआरटी, पुढे सगळ्यांनी उचलला. फ्रान्समध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, म्हणून एसआरटीत सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये आजही स्वल्पविराम असतो. या साधेपणामुळे एका फॉरमॅटची फाईल दुसऱ्यात नेणे हे कारकुनी काम आहे, असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. प्रत्येक फॉरमॅटने वेळ, पडद्यावरची जागा आणि लिपी यांबद्दल काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. त्या गृहीतकांचा हिशेब ठेवणे आणि जे नेता येत नाही ते उघडपणे सांगणे, हे रूपांतर करणाऱ्या कोडचे खरे काम आहे.

सगळ्यात सोपे मानले जाणारे रूपांतर घेऊ. ब्राउझरमधल्या व्हिडिओला एसआरटी थेट चालत नाही, त्याला वेबव्हीटीटी लागते. हा फॉरमॅट एचटीएमएल ५ बरोबर आला आणि सुरुवातीला तो एसआरटीवरच बेतलेला होता. त्यामुळे फाईलच्या माथ्यावर ‘वेबव्हीटीटी’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहायचा आणि वेळेतल्या स्वल्पविरामाच्या जागी टिंब द्यायचे, की काम झाले असे वाटते. पण सगळ्या फाईलभर स्वल्पविराम बदलणारी एक ओळ लिहिली, तर ‘अरे, थांब’ या संवादाचे ‘अरे. थांब’ होते आणि पात्राच्या बोलण्याची लयच मोडते. वेबव्हीटीटीत ‘अँड’चे चिन्ह आणि ‘पेक्षा कमी’चे चिन्ह यांना विशेष अर्थ आहे, ती संवादात आली तर सांकेतिक रूपात लिहावी लागतात. उलट दिशेने जाताना अडचण वेगळी. वेबव्हीटीटीत तासांचा आकडा गाळायला मुभा आहे, त्यामुळे वेळेचे तीन भाग असणारच असे धरून बसलेला कोड पहिल्याच संवादापाशी अडखळतो. अ‍ॅनिमेच्या चाहत्यांनी वाढवलेल्या एएसएस फॉरमॅटमध्ये एकेका संवादाची माहिती स्वल्पविरामांनी तोडलेल्या दहा रकान्यांत असते आणि संवाद शेवटच्या रकान्यात येतो. म्हणजे पहिले नऊ स्वल्पविराम फॉरमॅटचे, दहाव्यापासूनचे माणसाचे. ही मर्यादा न पाळणारा कोड ‘अहो, आलात का, बसा’ यातले फक्त ‘अहो’ ठेवतो आणि बाकीचे टाकून देतो.

वेळेचा प्रश्न याहून खोल आहे. मायक्रोडीव्हीडी नावाच्या जुन्या फॉरमॅटमध्ये सेकंद नसतातच; अमुक फ्रेमपासून तमुक फ्रेमपर्यंत एवढेच लिहिलेले असते. सेकंदाला किती फ्रेम, हे ठाऊक असल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने मोजलेली दोन तासांच्या चित्रपटाची फाईल युरोपीय दूरचित्रवाणीच्या २५ फ्रेमच्या हिशेबाने वाचली, तर शेवटचा संवाद ४ मिनिटे ४८ सेकंद आधीच पडद्यावर येतो. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. २३.९७६ आणि २४ यांच्यातला फरक मात्र हजारात एक भागाचा. तो पहिल्या दहा मिनिटांत जाणवतही नाही, पण दोन तासांच्या शेवटी सात सेकंदांहून मोठा होतो, म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. तपासताना सुरुवातीची पाच मिनिटे पाहून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला ही चूक सापडत नाही. म्हणून वेळ पूर्णांक मिलिसेकंदांत ठेवावी, २३.९७६ ऐवजी २४००० भागिले १००१ हा नेमका अपूर्णांक वापरावा आणि फ्रेमचा वेग ठाऊक नसेल तर कोडने अंदाज न बांधता थांबून विचारावे.

जागेचा आणि रूपाचा प्रश्न प्रेक्षकाच्या हक्काला जाऊन भिडतो. युरोपातल्या टेलिटेक्स्टच्या परंपरेत कर्णबधिर प्रेक्षकांसाठी वेगवेगळ्या पात्रांचे बोलणे पांढऱ्या, पिवळ्या, आकाशी, हिरव्या अशा रंगांत दाखवतात. एसआरटीत अशा रंगांची खात्रीची सोय नाही. रंग गळले की तिघांचे भांडण एकाच माणसाचे स्वगत वाटू लागते, आणि ज्याला आवाज ऐकू येतो त्याला हा फरक पडल्याचे कळतही नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषा बोलल्या जातात. अशा चित्रपटाच्या सबटायटलमध्ये भाषा बदलल्याची खूण तिरप्या अक्षरांनी देता येते. ते तिरपेपण रूपांतरात हरवले, तर परदेशातल्या प्रेक्षकासाठी सगळी पात्रे एकच भाषा बोलतात. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दृक्‌श्राव्य माध्यमांत क्लोज कॅप्शनची तरतूद सरकारवर सोपवली आहे. गाळलेल्या खुणांची फाईल त्या कायद्याचे अक्षर पाळते, हेतू पाळत नाही. म्हणून रंग नेता येत नसेल तर कोडने त्या जागी पात्राचे नाव घालावे. ही सोय काही ओळींत होते. फक्त ती करायची असे कुणीतरी ठरवावे लागते.

मराठीला सर्वाधिक जाच होतो तो लिपीच्या गृहीतकांचा. युरोपीय प्रसारण संघाने १९९१ मध्ये एसटीएल हा फॉरमॅट ठरवला आणि तो तिथल्या वाहिन्यांत दीर्घकाळ प्रमाण राहिला. त्यात प्रत्येक नोंद १२८ बाइटची, पैकी मजकुराला ११२ बाइट, आणि अक्षरांचे तक्ते पाच: लॅटिन, सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू. देवनागरीला त्यात जागाच नाही. मराठी सबटायटल तिथे न्यायची वेळ आली, तर प्रामाणिक कोडने ‘हे होणार नाही’ असे सांगून थांबावे. प्रश्नचिन्हांनी भरलेली फाईल हातात देऊ नये. दुसरी अडचण आपल्या घरची. युनिकोड येण्याआधी शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुरात खरी अक्षरे रोमन असतात, फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचे रूप देतो. शिवाय त्यात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये नंतर. अशी फाईल नुसते एन्कोडिंग बदलून सुधारत नाही. आधी वेलांटी तिच्या जागी न्यावी लागते. तिसरी अडचण मोजणीची. इंग्रजी सबटायटलला नेटफ्लिक्सची मर्यादा ओळीला ४२ अक्षरांची. त्याच हिशेबाने लिहिलेला कोड ‘क्षत्रिय’ या शब्दाची लांबी ८ सांगतो, कारण तो क, हलन्त, ष असे सुटे घटक मोजतो. वाचणाऱ्याला मात्र क्ष, त्रि, य अशी तीनच अक्षरे दिसतात. अशा कोडने मर्यादेपाशी ओळ तोडली, तर एका ओळीच्या शेवटी पाय मोडलेला ‘क्’ आणि पुढच्या ओळीच्या आरंभी एकटा ‘ष’ उरू शकतो.

यावर पहिला आक्षेप असा, की सगळ्यांनी एसआरटीच वापरावी म्हणजे प्रश्नच मिटतो. मजकूर आणि वेळ एवढेच हवे असेल तर हे खरे आहे. पण जागा, रंग, वक्ता यांची गरज एसआरटी न वापरल्याने निर्माण झालेली नाही. ती प्रेक्षकाची गरज आहे. दुसरा आक्षेप, सबटायटल चित्रातच कोरून टाकावी. तसे केले की अक्षर मोठे करता येत नाही, भाषा बदलता येत नाही, चूक दुरुस्त होत नाही आणि मजकूर शोधताही येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: सबटायटल एडिट, एफएफएमपेग अशी उत्तम मोफत साधने असताना नवा कोड कशाला? एका चित्रपटापुरते हे बरोबर आहे. सबटायटल एडिट तीनशेहून अधिक फॉरमॅट ओळखते. पण शेकडो फाईल एका दमात बदलताना प्रत्येक फाईल माणूस डोळ्यांखालून घालत नाही, आणि तिथे साधनाचा ठरीव निर्णय हाच अंतिम निर्णय होऊन बसतो. तो निर्णय काय आहे हे जाणून घेणे आणि हवा तिथे बदलणे, यासाठी कोड लागतो. यंत्राने आवाज ऐकून आपोआप केलेली सबटायटलही शेवटी अशाच एखाद्या फाईलमध्ये उतरतात, त्यामुळे तीही या नियमांतून सुटत नाहीत.

चांगल्या कोडची रचना यातूनच ठरते. सहा फॉरमॅट असतील आणि प्रत्येकातून प्रत्येकात थेट जायचे असेल, तर तीस रूपांतरे लिहावी लागतात. मध्ये एक समृद्ध रूप ठेवले, तर सहा वाचणारी आणि सहा लिहिणारी अशी बारा पुरतात. पायथॉनमधली पायसब्स२ ही लायब्ररी याच वाटेने जाते. तिच्यात वेळ मिलिसेकंदांत असते आणि रूप एएसएसच्या पद्धतीने. मधले रूप सर्वांत गरीब फॉरमॅटइतके नसावे, सर्वांत श्रीमंत फॉरमॅटइतके असावे, कारण वाचतानाच जे टाकले ते लिहिताना परत येत नाही. प्रत्येक फाईल पलीकडे नेऊन परत आणावी आणि मूळ फाईलशी ताडून पाहावी. जे परत आले नाही त्याची यादी कोडने ओळ क्रमांकासह छापावी: इतक्या संवादांची जागा गेली, इतक्यांचे रंग गेले, इतक्या ओळी वेगळ्या तोडाव्या लागल्या. ही यादी न देणारे रूपांतर कितीही वेगवान असले तरी अपुरे आहे.

मराठी चित्रपटकर्त्यांनी, अनुवादकांनी आणि महोत्सवांना फाईल पाठवणाऱ्यांनी म्हणूनच तीन गोष्टी आजपासून कराव्यात. सबटायटलची मूळ प्रत युनिकोडमध्ये आणि जागा, रंग, वक्ता टिकवणाऱ्या फॉरमॅटमध्ये जपून ठेवावी. एसआरटी तिच्यातून केव्हाही काढता येते, एसआरटीतून ती काढता येत नाही. फ्रेमचा वेग फाईलच्या नावातच लिहावा. आणि रूपांतर करून देणाऱ्याकडून नव्या फाईलबरोबर गमावलेल्या गोष्टींची यादीही मागून घ्यावी.